गुपचूप काम करणाऱ्यांकडून लेख कसे काढायचे: ऑफिसचं जर्नल नव्याने गळ्यात पडलेल्यांसाठी

तुमच्या ऑफिसात कोणीतरी वरच्या माणसाने मीटिंगमधे "आपलं एक इंटर्नल जर्नल पाहिजे" म्हटलंय आणि तुम्ही कधीतरी ऑफिसच्या गणपतीत निवेदन केलं होतं म्हणून सगळ्यांनी एकदम तुमच्याकडे बघितलंय, बरोबर? माझंही तसंच झालं. आमचं ऑफिस ऐरोलीला, काम थ्रेट इंटेलिजन्सचं, म्हणजे बँकांवर आणि कंपन्यांवर कुठून काय येतंय, कोण कुठली नवी पद्धत वापरून लोकांना गंडवतंय याची खबर काढायची, ताडून बघायची आणि क्लायंटला द्यायची. बाहेर कोणाला काही बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, माझ्या सासूबाईंना अजून वाटतं मी "कॉम्प्युटरमधे" आहे. अशा, तोंड बंद ठेवण्याचाच पगार घेणाऱ्या माणसांकडून लेख लिहून घ्यायचे. आमच्या पहिल्या अंकात सहा लेख होते त्यातले तीन मीच लिहिले होते, एक माझ्या नावाने, एक "संपादकीय विभाग" म्हणून आणि एक "एक वाचक" म्हणून. वाचक म्हणे!

आता अंक नीट निघतो, लेख शिल्लक राहतात, म्हणून जे जमलं आणि जे अंगाशी आलं ते लिहून ठेवतेय. तुम्ही सरकारी गुप्तचर खात्यात असाल, पोलिसांच्या सायबर सेलला असाल, नाहीतर बँकेच्या फ्रॉड डेस्कला, माणसं सगळीकडे सारखीच असतात, नियम मात्र तुमचे तुम्ही बघा, सरकारात ते आमच्यापेक्षा बरेच कडक आहेत.

पायरी १: हे कशाला, ते आधी स्वतःला पटवा

नाहीतर दुसऱ्या अंकालाच दम संपतो. मला पटलं ते शर्मन केंट नावाच्या माणसामुळे. हे मूळचे येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, महायुद्धात हेरखात्याच्या संशोधन विभागात गेले आणि पुढे सीआयएच्या अंदाज बांधणाऱ्या ऑफिसचे प्रमुख झाले. १९५५ साली त्यांनी खात्यातल्या खात्यात वाचायचं एक जर्नल सुरू केलं, 'स्टडीज इन इंटेलिजन्स'. पहिल्याच अंकात त्यांचा मुद्दा असा होता की आपलं काम आता एक पेशा झालाय, त्याला पद्धत आहे, खास शब्द आहेत, मुरलेली माणसं आहेत, नाहीये ते फक्त या पेशाचं स्वतःचं लिखाण. ते नसलं की माणूस गेला की त्याचं शहाणपणही त्याच्याबरोबर जातं आणि पुढचा परत पहिल्यापासून सुरू करतो. जर्नल तेव्हा पूर्ण गुप्त होतं, बाहेरच्यांना वाचता येतील असे अंक निघायला १९९२ उजाडलं. म्हणजे सदतीस वर्षं ही माणसं फक्त एकमेकांसाठी लिहीत होती, बाहेर नाव नाही, पुस्तक नाही, टाळ्या नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण बघा. बहिर्जी नाईक म्हटलं की ठाण्यात कुठल्याही शाळेतलं पोरगं चार गोष्टी सांगेल. पण खबर कशी काढायची, खरी खोटी कशी ओळखायची, सुरतेसारख्या परक्या शहरात माणूस कसा पेरायचा यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं एक पान आपल्या हातात नाही, आहेत ते बखरींतले दोन-चार उल्लेख आणि बाकी सगळी आपली कल्पना. उलट कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त लिहून ठेवलं, म्हणून तीन वेगवेगळ्या हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवायचा हा नियम आज मी नव्या जॉइनीला दाखवू शकते. तेही गंमतच आहे, ते पुस्तक शेकडो वर्षं हरवल्यासारखंच होतं, १९०५ मधे म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्रींना पोथी मिळाली नसती तर तेही गेलंच होतं.

हे दोन परिच्छेद मी दर वेळी नवीन बॉस आला की तोंडी ऐकवते. बहिर्जींवर बजेट मंजूर होतं, केंटवर होत नाही.

पायरी २: सिक्युरिटीवाल्याकडे आधी जा, शेवटी नाही

सिक्युरिटीवाला म्हणजे गेटवरचा नव्हे, ऑफिसची माहिती बाहेर फुटू नये हे बघणारा. सगळे नवे संपादक हीच चूक करतात, आधी लेख गोळा करतात मग तपासायला त्याच्याकडे पाठवतात. मीही केली. तपासणीत एक लेख अकरा आठवडे पडून राहिला आणि परत आला तेव्हा त्यात क्रियापदं तेवढी शिल्लक होती. लिहिणाऱ्याने परत कधी काही दिलं नाही आणि त्याने जेवायच्या टेबलावर आठ जणांना सांगितलं, त्या आठांनीही नाही दिलं.

पण त्याच्याही आधीची माझी चूक याहून मोठी. नाईट शिफ्टचा एक मुलगा, लिहायचा कंटाळा, बोलायला एकदम भारी. मी त्याला मोठ्या उत्साहात म्हटलं अरे लिहू नको, व्हॉट्सॅपवर व्हॉइस नोट टाक, मी टाईप करते. त्याने टाकली, सात मिनिटांची, त्यात क्लायंट बँकेचं नाव, कुठल्या ग्रुपमधे आपला माणूस बसलाय ते, सगळं. दुसऱ्या दिवशी मी अभिमानाने आमच्या सिक्युरिटीवाल्याला सांगायला गेले की बघा कसे लेख मिळवतेय. तो ओरडला वगैरे नाही. फक्त म्हणाला "फोन द्या." दोघांचे फोन गेले, इन्सिडंट फॉर्म भरला, दोन आठवडे मी जुन्या बटणवाल्या फोनवर काढले आणि तो मुलगा तीन महिने माझ्याशी बोलला नाही, चूक त्याची नव्हतीच ना.

तर पहिल्याच आठवड्यात सिक्युरिटीवाल्याला चहाला घेऊन जा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या: कच्चा मसुदा कुठे लिहायचा (ऑफिसचं मशीन, ठरलेला फोल्डर, बस), रेकॉर्डिंग करायचं तर कशावर, आणि लेख किती दिवसांत तपासून द्यायचा. ती तारीख त्याच्या तोंडून काढा आणि मेलवर घ्या. आमच्याकडे दहा वर्किंग डे ठरले, त्याच्यापुढे गेलं तर तो स्वतः येऊन कारण सांगतो.

मग परिच्छेदांना रंग द्यायची सवय लावा. अमेरिकेच्या खात्यांमधे प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला त्याची गुप्ततेची पातळी लिहायची पद्धत आहे, अख्ख्या लेखाला एकच शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही. आमच्या धंद्यात टीएलपी म्हणजे ट्रॅफिक लाईट प्रोटोकॉल सगळ्यांना पाठ असतो, माहिती कोणापर्यंत जाऊ द्यायची ते सिग्नलच्या रंगांनी सांगायचं, रेड सगळ्यात बंद, मग अंबर, ग्रीन आणि सगळ्यांना खुलं ते, आधी ज्याला व्हाईट म्हणायचे, २०२२ च्या नव्या आवृत्तीपासून क्लिअर. आम्ही तेच उचललं. लेखकाने स्वतःच परिच्छेदाला रंग द्यायचा. याने काय झालं, सिक्युरिटीवाला सहा पानं वाचायच्या ऐवजी रेडचे दोन परिच्छेद घेऊन लेखकाशेजारी येऊन बसतो आणि निम्म्या वेळा लेखकच म्हणतो की हे काढलं तरी चालतंय.

काय काढायचं हा खरा घोळाचा भाग आहे आणि इथे नवे लोक अडकतात, कारण जर्नल निघतं तेच "आम्ही हे कसं केलं" सांगायला आणि गुपितही नेमकं "कसं केलं" हेच असतं! मला यावर विचार करायला बराच वेळ लागला. आता मी "कसं" चे दोन भाग करते. खबर आपल्यापर्यंत कशी पोचली, कोणी दिली, कुठल्या वाटेने आली, तो भाग जर्नलमधे येत नाही, कधीच नाही, आतल्या लोकांसाठीही नाही. पण खबर हातात आल्यावर डोक्यात काय चाललं, आधी काय वाटलं, कशावरून मत बदललं, कुठे घसरलो, हा भाग जवळजवळ पूर्ण लिहिता येतो आणि नवीन माणसाला उपयोग त्याचाच होतो. सीआयएच्या जर्नलमधले जे लेख आज बाहेरचे लोकही वाचतात त्यातले कितीतरी असे आहेत. रिचर्ड्स ह्यूअर नावाच्या अधिकाऱ्याने १९७८ ते १९८६ मधे आतल्या वाचकांसाठी लेख लिहिले, विश्लेषकाचं मन कुठे फसतं त्याबद्दल. १९९९ मधे त्यांचं पुस्तक झालं आणि आज आमच्या ट्रेनिंगमधे पोरांना ते वाचायला लावतात. त्यात हेराचं नाव सांगायची गरजच पडत नाही.

बाकी नेहमीचं, क्लायंटचं नाव जातं, तारीख "गेल्या पावसाळ्यात" होते, रक्कम गोल होते. बँकेत असाल तर एक लक्षात ठेवा, संशयित व्यवहाराचा रिपोर्ट वर गेलेला असेल तर त्याची कुणकुणही बाहेर जाता कामा नये, त्यामुळे चालू प्रकरण अंकात घेऊच नका, कितीही नावं बदला. आणि सरकारी असाल तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहेच, वर २०२१ च्या पेन्शन नियमांतल्या बदलाप्रमाणे गुप्तचर आणि सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेल्यांनाही खात्याच्या कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी लागते. म्हणून माझा सरळ हिशेब, जे लिहायचंय ते नोकरीत असताना आतल्या अंकात लिहून घ्या, परवानगी देणारा माणूस वरच्याच मजल्यावर बसलेला असतो.

पायरी ३: "लेख द्या" म्हणू नका

हा शब्दच वाईट. लेख म्हटलं की माणसाला दहावीचा निबंध आठवतो. सगळ्यांना टाकलेल्या मेलला मला आजवर एकही लेख आलेला नाही, एक "नाईस इनिशिएटिव्ह" आलं होतं तेही एचआरकडून.

आमच्याकडे एक काका आहेत, पोलिसातून निवृत्त होऊन आलेले, कळव्याला राहतात, डबा बरोबर एक वाजता उघडतात. बनावट कस्टमर केअर नंबर या विषयात त्यांच्याइतकं आमच्याकडे कोणाला कळत नाही. मी सहा महिने मागे लागले होते. शेवटी म्हणाले,

"मॅडम, मला लिहिता येत नाही. मी पंचनामा लिहिणारा माणूस."

"मग पंचनामाच लिहा ना काका."

"जर्नलमधे पंचनामा?"

"हो. त्या नंबरवर फोन केल्यापासूनचा. समक्ष पाहणी केली असता, वगैरे सगळं."

चौथ्या दिवशी चार पानं माझ्या टेबलावर, फुलस्केपवर, हाताने लिहिलेली, डावीकडे समास सोडून. "सदर क्रमांकावर संपर्क केला असता दुसऱ्या रिंगला फोन उचलण्यात आला. पाठीमागे इतर इसमांचे बोलण्याचे आवाज येत होते. त्यापैकी एक आवाज तीच वाक्ये म्हणत होता जी समोरील इसम म्हणत होता." थांबून वाचा ते शेवटचं वाक्य. आमचे पोरं तेच कॉल रोज ऐकतात, कोणाच्या कानाला ते जाणवलं नव्हतं की मागचा माणूस तीच स्क्रिप्ट वाचतोय म्हणजे एका खोलीत किमान दोन जण आहेत. काकांना जाणवलं कारण पंचनाम्यात आधी दिसलं-ऐकलं ते लिहायचं असतं, मत नंतर, किंवा नाहीच. तो लेख मी एक शब्द न बदलता छापला, फक्त नंबर काढला. नंतर दोन महिने ऑफिसात सगळे "सदर इसम" असंच बोलत होते.

म्हणजे काय, माणसाला जो फॉर्म हाताला बसलाय त्यात लिहू द्या. आर्मीतून आलेल्याला पॉइंट नंबर टाकून लिहायचंय, लिहू दे. टेस्टिंगमधून आलेली मुलगी बग रिपोर्टसारखं लिहिते, "अपेक्षित काय होतं, झालं काय", उत्तम. मराठी-इंग्लिश मिसळ चालते, मामलेदारची मिसळ चालते तर ही का नाही.

आणि विचारताना नेमका प्रश्न विचारा. माझे तीन ठरलेले आहेत. अलीकडे तू कशात साफ चुकलास? नवीन आलेल्या प्रत्येकाला तुला कुठली गोष्ट परत परत सांगावी लागते? आणि कशावरून तुझं शिफ्ट लीडशी वाजतं? पहिल्याला लोक हसतात, दुसऱ्याला उत्तर देतात, तिसऱ्याला उत्तर देताना आवाज चढतो, आणि आवाज चढला की समजायचं लेख आहे. तिथेच म्हणायचं, हे आत्ता बोललास ना एवढंच लिही, अर्धं पान.

वेळही बघा. शिफ्ट हँडओव्हरची पंधरा मिनिटं सोन्यासारखी, जाणारा थकलेला असतो आणि मोकळं बोलतो. तीच गोष्ट ट्रेनमधे करायची नाही हां. ऐरोलीहून ठाण्याला जाताना आमचे सगळे एकाच डब्यात असतात, आता मधे दिघा गाव स्टेशन झाल्यापासून गप्पांना दोन मिनिटं जास्त मिळतात, पण तिथे फक्त "उद्या साडेदहाला बसू" एवढंच ठरवायचं, विषयाचं नावसुद्धा नाही. ट्रान्सहार्बरला कान फार असतात.

पायरी ४: मोठ्या दारातून कोणी येत नाही, खिडक्या ठेवा

अमेरिकेच्या एनएसएचं, म्हणजे कोड फोडणाऱ्या खात्याचं, 'क्रिप्टोलॉग' नावाचं आतलं मासिक होतं, ऑगस्ट १९७४ ला सुरू झालं, १९९७ पर्यंत चाललं. खात्याचं भारदस्त टेक्निकल जर्नल १९५६ पासून वेगळं होतंच, हे आपलं कामावरच्या लोकांचं. २०१३ मधे त्याचे १३६ अंक बाहेर खुले केले, काही ठिकाणी काळ्या पट्ट्या मारून, आणि मी ते दोन रविवार बसून चाळले. गंभीर लेख आहेतच पण त्याच्या आजूबाजूला काय काय आहे, शब्दकोडी, वाचकांची पत्रं, भाषांतरातल्या अडचणी, पुस्तकांबद्दल, एकाच्या लेखाला दुसऱ्याचं तिरकं उत्तर. कोड फोडणाऱ्या माणसांसाठी कोडी छापायची म्हणजे हलवायाला पेढे देण्यासारखं, पण लोक अंक उघडतात त्यासाठी.

आम्ही मागच्या पानावर कोडं सुरू केलं. उभे आडवे शब्द सगळे ऑफिसच्या कामातले. ते सोडवणारे दोघं पुढे कोडं बनवायला लागले आणि त्यातला एक आता लेख देतो. वाचकांच्या पत्राला तीन ओळींची मर्यादा ठेवली, त्याने भांडखोर लोक आले, भांडखोर लोक लिहितात. लांबीचा आग्रह अजिबात नको, सव्वा पानाचा लेख सव्वा पानाचा.

पायरी ५: हात आखडून संपादन

व्याकरण सुधारा, गोंधळ असेल तर विचारा, पण माणसाचा आवाज पुसू नका. बदल केला की लेखकाला दाखवा, प्रत्येक. गुप्त कामात शब्द बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

केंटसाहेबांचंच. १९५१ मधे युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का यावर त्यांच्या ऑफिसने अंदाज दिला, त्यात शब्द होते "सिरियस पॉसिबिलिटी", गंभीर शक्यता म्हणा. परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने विचारलं की म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाले माझ्या मते ६५ विरुद्ध ३५, हल्ला होईल या बाजूने. तो अधिकारी दचकला, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट आपल्याच टीममधे विचारत फिरले, ज्यांनी एकत्र बसून तो शब्द मान्य केला होता त्यांना, तर एकाच्या मनात ८० ला २० आणि दुसऱ्याच्या मनात बरोबर उलटं, २० ला ८०! यावर त्यांनी १९६४ मधे त्याच जर्नलमधे लेख लिहिला, कुठल्या शब्दाला किती टक्के धरायचे त्याचा तक्ताच मांडला. तेरा वर्षांनी का होईना, आतलं जर्नल होतं म्हणून ती लाज मांडायला जागा होती.

मी हा प्रयोग आमच्या फ्लोअरवर केला. कागदावर चार शब्द, "शक्यता आहे", "दाट शक्यता", "बहुतेक", "नाकारता येत नाही", समोर टक्के लिहा, नाव नको. नऊ जणांनी भरला. "नाकारता येत नाही" ला एकाने ५ लिहिलं, एकाने ७०. आणि "बहुतेक" ची तर मजाच, रिपोर्टमधे सगळे ते ८० च्या आसपास धरतात पण खाली कोणीतरी लिहिलं होतं, "ठाण्याच्या माणसाने बहुतेक येईन म्हटलं तर १०." घोडबंदरला राहणारा असेल तर ५. तो कागद जसाच्या तसा पुढच्या अंकात छापला, लेखकाची जागा "फ्लोअर", आणि त्या अंकाची मागणी दुसऱ्या टीमकडून आली. तुमच्याकडेही करा, फुकटात लेख मिळतो आणि रिपोर्ट लिहिणारे जरा जपून शब्द टाकायला लागतात.

पायरी ६: साहेब

साहेबांना दोन भीती असतात, आपली चूक छापली जाईल आणि ती वरच्या साहेबाला दिसेल. दोन्ही खऱ्या आहेत, नाकारू नका. पहिल्या पानावर स्पष्ट ओळ ठेवा की मतं लेखकाची, ऑफिसची नाहीत, सीआयएचं जर्नलही तशी ओळ छापतं. टीकेचा लेख असेल तर ज्यांच्यावर टीका त्यांना छापायच्या आधी दाखवा आणि उत्तराला जागा द्या, पण लेख अडवायचा अधिकार देऊ नका, तपासणी फक्त गुप्ततेची, नाराजीची नाही. हे लेखी घ्या. मी नव्हतं घेतलं, एक चांगला लेख, अलर्ट फार जास्त येतात आणि त्यामुळे खरा अलर्ट कसा निसटतो यावरचा, "टोन बरोबर नाही" म्हणून सात महिने ड्रॉवरमधे राहिला. टोनला रंग नसतो, रेड नाही, अंबर नाही.

साहेबांकडून पहिला लेख मात्र घ्या, आणि तो त्यांच्या यशाचा नको, फसलेल्या केसचा. आमच्या एका सीनियरने लाईट बिलाच्या मेसेजबद्दल लिहिलं, "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कट होईल, या नंबरवर फोन करा" वाला. हा मेसेज पहिल्यांदा त्यांच्यासमोर आला तेव्हा किरकोळ म्हणून त्यांनी बाजूला ठेवला होता, त्यात ना लिंक, ना व्हायरस, सिस्टीमने पकडण्यासारखं काहीच नाही, साधा मोबाईल नंबर. सगळी फसवणूक फोनवर, माणसाला घाबरवून, मग स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावून. "मी मशीनसारखा विचार केला" असं त्यांनी लिहिलं. त्यानंतरच्या अंकाला चुकांवरचे चार लेख आले.

पायरी ७: बदल्यात काय

पैसे देऊ नका, कुठल्या बजेटमधून काढणार आणि मग ५०० रुपयांचं कूपन आलं नाही म्हणून भांडण. सीआयएकडे केंट यांच्या नावाने जर्नलमधल्या उत्तम लिखाणाला पुरस्कार असतो, आपल्याकडे अप्रेझल असतं. फॉर्ममधे "नॉलेज शेअरिंग" असा रकाना असतोच, लेख छापला की लेखकाच्या मॅनेजरला मी तीन ओळींचा मेल टाकते, लेखकाला सीसी, फॉर्म भरायच्या महिन्यात. याच्याइतकं काहीच चालत नाही.

आणि छापील प्रत. आतल्या नेटवर्कवर पीडीएफ असते तरी लेखकासाठी एक प्रिंट, ऑफिसातच ठेवायची असते, बाहेर न्यायची नाही, तरी लोकांना हवी असते. काकांनी स्वतःची प्रत ड्रॉवरमधे प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवलीय. घरी नेता येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटतं, मिसेसना दाखवायची होती. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

पायरी ८: तारखा आणि सूची

त्रैमासिक बरं, मासिकाच्या मागे लागू नका. मार्चमधे कोणी लिहीत नाही, गणपतीत कोणी नसतं, म्हणून आम्ही जानेवारी, मे, जुलै, दिवाळी असे वाकडेतिकडे चार अंक काढतो. दिवाळीचा जाड. १९०९ मधे 'मनोरंजन' ने दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणसाला एवढं रक्तात बसलंय की "दिवाळी अंकासाठी काहीतरी द्या" म्हटलं तर ऐरोलीचा सिक्युरिटी अनॅलिस्टसुद्धा लेखकासारखा "बघतो, कधीपर्यंत हवंय" म्हणतो. खरी तारीख सांगू नका, तीन आठवडे आधीची सांगा. आणि दोन लेख कायम हातात ठेवा, तपासून झालेले, वेळेचं बंधन नसलेले, कारण शेवटच्या क्षणी एक लेख रेड होतोच.

सूची पहिल्या अंकापासून करा, मी सहाव्या अंकानंतर सुरू केली आणि मागचे सहा परत वाचत बसले. साधी एक्सेल शीट, अंक, पान, लेखक, विषय आणि शेवटच्या रकान्यात शोधायचे शब्द. हे शब्द लोक बोलतात तसे टाका. मधे एका नव्या मुलीने येऊन सांगितलं की वीज बिलाच्या फसवणुकीवर आपल्याकडे काहीच नाही, मी लिहू का? मी शीट उघडली तर सीनियरचा लेख "लाईट बिल" खाली पडलेला, तिने शोधलं होतं "वीज बिल". आता त्या एका लेखासमोर लाईट बिल, लाइट बिल, वीज बिल, वीजबिल, एमएसईबी, महावितरण, मीटर आणि "साडेनऊ" एवढं सगळं आहे. तिला म्हटलं तो वाच आणि त्याच्यापुढचं लिही. शुक्रवारपर्यंत देते म्हणालीये, बहुतेक.